मसाल्यातला 'एल'

परवा दादाशी फोनवर बोलत होते. तो न्यू जर्सीला असतो. २०२१ साली, ४८व्या वर्षी त्याला स्टेंट बसला. सिगरेट नाही, दारू नाही, पोट म्हणावं असंही नाही. आदल्याच वर्षी डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर दहा वर्षांचा धोका काढून "लो" सांगितलं होतं.

त्या गणितात वंशाचे पर्याय तीनच: गोरे, आफ्रिकन अमेरिकन, इतर. दादा 'इतर'. आणि इतरांना सूत्र गोऱ्यांचंच लावायचं! ज्या पाहण्यांवरून २०१३ मध्ये हे सूत्र बांधलं त्यातली एक 'एरिक'. १९८७ पासून अमेरिकेतल्या चार ठिकाणचे १५,७९२ लोक. तिच्या नावातला 'सी' म्हणजे कम्युनिटीज. त्यात आमची वस्ती नव्हती. २००० साली 'मेसा' आली, तिच्या नावातच 'मल्टी-एथनिक'. गोरे, काळे, हिस्पॅनिक, चिनी. आम्ही तिथेही नाही.

मग २०१० मध्ये 'मसाला' सुरू झाली. मीडिएटर्स ऑफ अथेरोस्क्लेरोसिस इन साउथ एशियन्स लिव्हिंग इन अमेरिका. खरं सांगते, नाव ऐकून मला रागच आला. देशी म्हटलं की मसाला, एवढंच सुचतं का? त्यात आमच्या काकूने ऐकलं आणि, "बघ, मी सांगत नव्हते तिखट कमी खा म्हणून!" काकू, त्या 'एम'चा तुझ्या कांदा-लसूण मसाल्याशी काही संबंध नाही. मीडिएटर म्हणजे मधला दुवा. धोका रक्तवाहिनीपर्यंत पोचतो कशाकशातून, ते शोधायचं. त्यांना दिसलं की आपल्यात स्नायू कमी आणि पोटाच्या आत, लिव्हरमध्ये चरबी जास्त. बाहेरून माणूस सडपातळच दिसतो. अगदी दादासारखा.

सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोकडचे ९०६ लोक, बहुतेक शिकलेले स्थलांतरित. एवढ्याशा मोजणीने काय होणार, असं वाटलं होतं. पण पहिल्यांदा कोणीतरी आपल्याला 'इतर'मधून बाहेर काढून मोजलं, म्हणून आता ते नावही मी खपवून घेते. २०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत तर दक्षिण आशियाई असणं हाच धोका वाढवणारा घटक म्हणून लिहिलाय. दादाचा "लो" त्यानंतरचा, हे विशेष. कागदावर आम्ही आलो होतो, त्या तपासणीच्या खोलीत नाही.

माझी तक्रार उरते ती 'एल'बद्दल. लिव्हिंग इन अमेरिका. आईबाप तेच, गुळाची पोळी तीच, पण मी राहते नगरला. दादाच्या नावाचं अक्षर तरी आहे त्यात. माझ्या धोक्याचा अंदाज मी त्याच्यावरून बांधायचा, आणि त्याला तर स्टेंट बसलाय.

असो. सोमवारी उपाशीपोटी रक्त द्यायला जातेय. दादा, हे वाचशील तेव्हा काकूला मात्र कळवू नकोस.