बेडूक पाळायचा तर झुरळंही पाळावी लागतील

सुट्ट्या जवळ आल्या की कुणीतरी विचारतंच, "मुलांना बेडूक कसा? कुत्र्यासारखं फिरवायला नको, कटकट कमी ना?" फिरवावं लागत नाही हे खरं. पण खाण्यापिण्यात कटकट नको असेल, तर कृपया आणू नका.

आमच्याकडे रेडिंगला गोट्या आहे. व्हाइट्स ट्री फ्रॉग, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. हिरवा, सुस्त, कायम नुकताच जेवून उठल्यासारखा चेहरा. हे बेडूक नीट सांभाळले तर १५ वर्षंसुद्धा जगतात. (लेक युनिव्हर्सिटीत जाईल आणि गोट्या माझ्या गळ्यात राहील, हे मला नंतर कळलं.)

चूक माझीच. मी सीए. ३१ जानेवारीच्या सेल्फ असेसमेंटआधीचे तीन-चार महिने मला घर दिसत नाही. येताजाता रातकिड्यांचा एकच डबा उचलायचा, पावडर कधी लावायची, कधी नाही. जानेवारीत लेक म्हणाली, "आई, गोट्याचा नेम चुकतोय गं." झेप घ्यायचा, तोंड उघडायचा, पण किडा जिभेला चिकटायचाच नाही. समोर अन्न आणि हा उपाशी. बघवत नव्हतं. व्हेट म्हणाल्या, जीवनसत्त्व अ कमी पडलंय, त्यामुळे जिभेचा चिकटपणा गेलाय. औषध चालू केलं, बरेच आठवडे गेले, आता सावरलाय. हे जीवनसत्त्व जास्त झालं तरी अपाय होतो, त्यामुळे मात्रा व्हेटनाच ठरवू द्या.

एकच किडा का चालत नाही? बेडकाला फॉस्फरसच्या दीड-दोन पट कॅल्शियम लागतं आणि रातकिड्यांत नेमकं उलटं, फॉस्फरसच कितीतरी जास्त. ताळेबंद जुळणार कसा? हाडं मऊ पडतात. म्हणून कॅल्शियमची पावडर लावायची, आणि किडे बदलत राहायचे. आता आमच्याकडे रातकिडे, टोळ, डुबिया झुरळं, मधूनच गांडूळ. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळीत कॅल्शियम मुळातच चांगलं असतं. वॅक्सवर्म म्हणजे जिलेबी, क्वचितच, कारण हे बेडूक लठ्ठ फार पटकन होतात. बागेतले किडे अजिबात नाहीत, कुणी काय फवारलंय कोण जाणे. आणि किड्यांनाही आदल्या दिवशी गाजर, रताळं, केल घालायचं, म्हणजे तेच गोट्याच्या पोटात जातं.

आता आपल्या घरांतला खरा प्रश्न. सासूबाई आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, एका बेडकापायी इतके जीव?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. "आई, त्याला वरणभात चालत नाही," एवढंच म्हणाले. शाकाहारी घराने "आम्हाला हे नाही जमणार" म्हणून बेडूक नाकारला, तर मला ते पटतं. पण आणायचा, आणि मग किळस येते म्हणून झुरळं नकोत, वाळवलेल्या अळ्या टाकू, हे नाही पटत. हलत नाही ते अन्न म्हणून बेडकाला सहसा ओळखूच येत नाही.

"मुलाचाच बेडूक आहे, तोच बघेल" हेही नको. इंग्लंड-वेल्समध्ये २००६ च्या अ‍ॅनिमल वेल्फेअर अ‍ॅक्टप्रमाणे १६ वर्षांखालच्या मुलाच्या प्राण्याची जबाबदारी पालकांवर येते, आणि योग्य आहार त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. माझी लेक ११ वर्षांची आहे, म्हणजे कागदोपत्री गोट्या माझा.

सासूबाई मे महिन्यात परत येतायत. मागच्या वेळी जायच्या आधी रातकिड्यांसाठी गाजर त्याच चिरून द्यायच्या. म्हणायच्या, "मरणारच आहेत, निदान उपाशी तरी नकोत."