ज्वालामुखीवरचा सूर्योदय : गाइड वाटेची हमी देतो, डोंगराची नाही

रात्री दोनला हॉटेलच्या दारात गाडी. चारच्या सुमारास टॉर्चच्या उजेडात चढाई सुरू. सहाच्या आसपास शिखरावर सूर्योदय आणि मोबाइलमध्ये फोटो. इंडोनेशियातील बाली बेटावरच्या माउंट बातूरची ही सहल रील्समुळे बीड, अंबाजोगाई, परळीतही माहीत झाली आहे. जावे की नाही, हा ज्याच्या-त्याच्या हौसेचा प्रश्न. पण ‘गाइड सोबत आहे, मग काळजी कसली?’ हा समज मात्र तपासून घ्यायला हवा.

चढाई अवघड आहे का?
फारशी नाही. बातूरची उंची १,७१७ मीटर, तर आपल्या कळसूबाईची १,६४६ मीटर. फरक आहे तो पायाखालच्या जमिनीत. कळसूबाई आणि बीडचा बालाघाट हेही लाव्हाचेच डोंगर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले. अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी याच काळ्या दगडात कोरली आहेत. आपला दगड केव्हाच थंड झाला. बातूरचा शेवटचा उद्रेक मात्र २००० सालचा.

उद्रेकाआधी इशारा मिळत नाही का?
दरवेळी मिळतोच असे नाही. लाव्हा वर येत असेल तर जमीन हादरते, फुगते आणि यंत्रांना ते कळते. पण आतल्या उष्णतेने पाण्याची एकाएकी वाफ झाली, तर कुकरचे झाकण उडावे तसा स्फोट होतो. जपानच्या ओंताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी असेच झाले. त्या वेळी इशारा सर्वांत खालच्या पातळीचा होता. मृत आणि बेपत्ता मिळून ६३ जण गेले.

न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी ४७ जण होते, त्यांतले २२ दगावले. ती गाइडसह नेलेली सहल होती आणि मृतांत दोन गाइडही होते. तिथली इशारा पातळी तीन आठवडे आधीच वाढवली होती. सुमात्रातील मारापी पर्वताच्या विवरापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नये, अशी सूचना होती. तरीही चढाईचे परवाने मिळत होते. ३ डिसेंबर २०२३ च्या उद्रेकात तिथे २४ गिर्यारोहकांचा जीव गेला.

मग गाइड कशासाठी?
तो वाट चुकू देत नाही, निसरडी जागा दाखवतो, दमलेल्याला सांभाळतो. अंधारात ही मदत मोलाची असते. पण डोंगराच्या पोटात काय चालले आहे, हे त्यालाही दिसत नाही. शिवाय त्याची मजुरी सहल पूर्ण होण्यावर अवलंबून असेल, तर ‘आज नको’ म्हणणे त्याला परवडत नाही. उचल घेतलेल्या ऊसतोड मजुराला फडावर ‘नाही’ म्हणणे किती जड जाते, हे बीडकरांना वेगळे सांगायला नको.

म्हणूनच डोंगर बंद करायचा की नाही, हे गाइडवर किंवा सहल कंपनीवर सोपवू नये. तो निर्णय सरकारी यंत्रणेचा असावा आणि तो परवान्याच्या खिडकीवर पाळला जावा. इशारा वाढला तर पर्यटकाला पूर्ण परतावा आणि गाइडला त्या दिवसाची मजुरी मिळालीच पाहिजे. नाहीतर पैसे बुडण्याच्या भीतीने दोघेही वर जातील.

बुकिंगआधी काय विचारावे?
इंडोनेशियात इशाऱ्याच्या चार पातळ्या आहेत : नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. आजची पातळी कोणती आणि विवरापासून किती अंतर बंद आहे, हे कंपनीला विचारा आणि तिथल्या सरकारी संकेतस्थळावरही पाहा. पातळी वाढली तर परतावा मिळेल, हे लेखी घ्या. अनेक प्रवास विम्यांत साहसी पर्यटन वगळलेले असते, ती अट वाचा. ज्वालामुखीचे काही विषारी वायू हवेपेक्षा जड असतात आणि खोलगट जागी साचतात. त्यामुळे दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

या प्रश्नांना ‘काही होत नाही, रोज शेकडो लोक जातात’ एवढेच उत्तर मिळाले, तर तिथे पैसे भरू नका. ओंताकेवरही त्या दिवशी शेकडो लोक होते.