हात जात नाही

माझं एक मत आहे आणि ते मी आता कोणाची भीडभाड न ठेवता सांगणार आहे. घरात वापरायची कुठलीही वस्तू बाजारात आणण्याआधी ती बनवणाऱ्याला तिच्यासकट एका खोलीत कोंडावं, हातात एक ओलं फडकं द्यावं आणि म्हणावं, "पूस आता." जिथे फडकं पोचत नाही तो भाग बदलून देईपर्यंत कडी काढू नये. चहासुद्धा खिडकीतून द्यावा.

हे मत मी जन्माला येताना बरोबर आणलेलं नाही. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत फडक्याशी माझा संबंध चष्म्याच्या काचांपुरता होता, आणि खरं सांगायचं तर तेही सदऱ्याच्या टोकावरच भागत असे. मताचा जन्म झाला गेल्या हिवाळ्यात, इंग्लंडात लेस्टर गावी. मुलीच्या भाड्याच्या घरात गालिच्यावर पालथा पडून, एक डोळा मिटून, मी रेडिएटरच्या पोटात बघत होतो तेव्हा.

आपल्याकडे रेडिएटर म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती घाटात बॉनेट उघडून उभी राहिलेली एस. टी. वाफ निघतेय, ड्रायव्हर डब्याने पाणी ओततोय आणि उतारू करवंदं घेताहेत. तिकडचा रेडिएटर हा घरातलाच एक असतो. खोलीत शिरावं तर हा बहुधा खिडकीखाली बसलेला. बॉयलरमध्ये पाणी तापतं, पंप ते नळ्यांमधून खोल्याखोल्यांत फिरवतो, आणि भिंतीवर टांगलेल्या पत्र्याच्या या चपट्या पेटीत शिरून ते खोली ऊबदार करतं. कल्पना झकास आहे. नोव्हेंबरात चार वाजता अंधारून येतं, तेव्हा त्या पेटीला पाठ टेकवून उभं राहण्याचं सुख मी नाकारत नाही. जन्मभर दिवाणखान्यात मला इतक्या प्रेमाने कोणी टेकू दिला नव्हता. भांडण उबेशी नाही. भांडण आहे ते आतल्या निऱ्यांशी.

निऱ्या म्हणजे काय ते सांगतो. समोरून पेटी पांढरीशुभ्र, सासरी पहिल्यांदा आलेल्या जावयासारखी. पण वरच्या जाळीतून टॉर्च मारून बघा. समोर एक पत्रा, मागे एक पत्रा, आणि मधल्या फटीत दोन्ही पत्र्यांच्या पाठीला चिकटवलेल्या पातळ पत्र्याच्या उभ्या घड्या. साडीच्या निऱ्या असतात ना, अगदी तशा, फक्त या वेल्ड केलेल्या. सोडून पुन्हा नेसता येत नाहीत. प्लंबरांच्या भाषेत हा 'टाइप बावीस' : पत्रे दोन, निऱ्यांच्या रांगा दोन. 'टाइप एकवीस'मध्ये पत्रे दोन आणि रांग एक. 'अकरा'मध्ये दोन्ही एकेक. गरिबाचा रेडिएटर म्हणा. खालून गार हवा निऱ्यांत शिरते, तापते आणि वरच्या जाळीतून बाहेर पडते. रेडिएटर असं नाव असलं तरी या पेटीची बहुतेक ऊब अशी हवा फिरवूनच खोलीत येते. म्हणजे खोट नावापासूनच आहे. आणि हवा फिरते तिथे धूळही फिरते. गालिच्याची लव, मोज्यांचे धागे, माणसांचे केस, वर वाळत घातलेल्या टॉवेलांचा कीस, सगळं खालून आत ओढलं जातं आणि निऱ्यांत बसतं. उन्हाळाभर तिथे वस्ती असते. मग ऑक्टोबरात पहिल्यांदा हीटिंग लावलं की घरभर जळका वास सुटतो. आमची ही पदर खोचून स्वयंपाकघरात धावली. शेगडी बंद होती. कढई फडताळात होती. फोडणी जळत नव्हती, वर्षभराची धूळ भाजली जात होती. नातू तीन दिवस शिंकत होता.

"मग ते साफ कसं करतात?" हिने विचारलं.

"आई, ते इथे कोणी साफ करत नाही," जावई म्हणाले.

वाचकहो, या वाक्याचा मला मनापासून संताप आहे. 'कोणी करत नाही' याचा अर्थ जगभर एकच असतो : मी करत नाही, आणि जी करते तिला मी मोजत नाही. शिवाय हे वाक्य खोटं होतं. कारण याच जोडप्याला आधीचं घर सोडताना अनामतीतून नव्वद पौंड कापून मिळाले होते, आणि एजंटाच्या माणसाने लिहिलेल्या कारणांत 'रेडिएटरच्या आत व मागे धूळ' हे पहिलं होतं. तिकडे कायदे चोख आहेत. अनामत २००७ पासून संरक्षित योजनेत ठेवावी लागते. २०१९ च्या कायद्यानंतर सर्वसाधारण घराला पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. वापराने घर झिजलं, गालिचा विरला, तर भाडेकरूला माफी. धुळीला मात्र माफी नाही. घर ज्या स्वच्छतेत घेतलं त्याच स्वच्छतेत परत द्या. म्हणजे जे कोणी साफ करत नाही, ते साफ आहे की नाही हे बघायला एक पगारी माणूस टॉर्च घेऊन येतो!

आता हेही घर सोडायची वेळ आली होती. महिन्याअखेर तपासणी. मुलीला नोकरी, जावयांना नोकरी, हिचे गुडघे दुखरे. राहता राहिलो मी. "त्यात काय एवढं?" असं मी म्हणालो. हे तीन शब्द माणसाने म्हणण्यापूर्वी दहा आकडे मोजावेत.

पहिल्या दिवशी फडकं घेतलं. फडकं जाळीपर्यंत गेलं, पुढे बोटं जाईनात. दुसरा उपाय नातवाची फूटपट्टी, तिला जुना मोजा गुंडाळून. पट्टी आत गेली, बाहेर आली, मोजा तिथेच राहिला. आता धुळीबरोबर मोजाही काढायचा होता. तिसऱ्या दिवशी जावयांनी एक लांब दांड्याचा, सडपातळ ब्रश आणला. दिसायला मांजराचं शेपूट. हा खास यासाठीच मिळतो, म्हणजे बघा, कोणी साफ करत नसलेल्या वस्तूसाठी दुकानात ब्रश विकायला असतो! तो वरून घातला की धूळ खाली जाते, खालून घातला की वर येते. मध्ये ती मला भेटतच नव्हती. शिवाय उत्साहाच्या भरात मी हीटिंग बंद करायला विसरलो होतो, त्यामुळे मनगटावर एक आणि कोपरावर एक असा चटका बसला. गरम असताना हवा वर येतच असते, ती तुम्ही सोडवलेली धूळ तुमच्याच तोंडावर आणून सोडते, हेही तेव्हाच कळलं.

शेवटी मार्ग सापडला तो हिला. पेटी पूर्ण गार करायची. बाजूच्या पट्ट्या आणि वरची जाळी उचलून काढायची. (ती निघते. मला हे चौथ्या दिवशी कळलं. एक क्लिप मोडली ती त्याच दिवशी.) खाली जमिनीवर ओला टॉवेल पसरायचा, आणखी एक ओलं फडकं भिंतीच्या बाजूने लोंबतं सोडायचं, आणि वरून मुलीच्या केस वाळवायच्या यंत्राने गार वारा मारायचा. धूळ खाली टॉवेलवर पडते आणि ओल्यात चिकटते. मग राहिलेल्या गाठींना ब्रश. एका पेटीला पाऊण तास. घरात पेट्या नऊ. पहिल्याच पेटीतून माझा मोजा, दोन खडू, हिरवी केसाची क्लिप, ठोकळ्याच्या खेळातला एक शिपाई आणि करड्या लोकरीचा अख्खा स्वेटर होईल एवढा कीस निघाला. क्लिप आमच्यापैकी कोणाचीच नव्हती. म्हणजे आधीच्या कुटुंबालाही 'कोणी साफ करत नाही' हे कोणीतरी सांगितलेलं असणार.

आता मला सांगा, हे असंच असायला हवं होतं का? कारखानदारांची बाजू मी ऐकून घेतली आहे, म्हणजे जावयांच्या तोंडून. ते इंजिनिअर आहेत. निऱ्यांमुळे पत्र्याचं क्षेत्रफळ वाढतं, लहान पेटीतून जास्त ऊब मिळते. मान्य. निऱ्या काढा असं मी कुठे म्हणतोय? पण निऱ्यांत धूळ भरली की हवेची वाटच अडते, आणि ज्या उबेसाठी एवढी घडीकाम केलं तीच कमी होते, बिल तेवढंच येतं. याला हुशारी म्हणायचं का?

आणि याच पेटीची आतली बाजू बघा! आतल्या पाण्यात लोखंडाचा काळा गाळ साठतो. खालचा भाग गार लागला तर समजावं गाळ आहे, वरचा गार लागला तर हवा अडकली आहे. हवा सोडायला वरच्या कोपऱ्यात व्हॉल्व्ह आहे, त्याची इवलीशी किल्ली आहे. गंज धरू नये म्हणून पाण्यात घालायचं रसायन आहे. गाळ पकडायला चुंबकाचा फिल्टर आहे. सगळं खळखळून धुवायला मशीन आहे. आतल्या मळाची इतकी बडदास्त का? कारण तो प्लंबर काढतो, आणि प्लंबर तासाचे पैसे घेतो. बाहेरचा मळ जी काढते ती काही घेत नाही, म्हणून तिच्यासाठी किल्ली नाही, व्हॉल्व्ह नाही, साधी बोट घालायला जागा नाही.

बरं, जमत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ओतीव लोखंडाचे रेडिएटर होते तेव्हा, घरासाठी त्यांच्यावर वेलबुट्टी कोरलेली असे, एकेका पानाआड चिमूटभर धूळ मावेल अशी. पण इस्पितळांसाठी वेगळा नमुना निघत असे. नक्षी नाही, अंग गुळगुळीत, दोन खांबांमध्ये हात जाईल एवढी फट. काही तर बिजागरीवर बसवलेले. दारासारखे भिंतीपासून ओढून मागची बाजू पुसायची आणि पुन्हा लोटून द्यायचे. शंभर वर्षांपूर्वी! म्हणजे अक्कल होती, लोखंड होतं, बिजागरी होती. इस्पितळात मागणारा डॉक्टर होता. घरात मागणारी बाई होती, तिला वेलबुट्टी दिली.

रशियात समारा नावाच्या शहरात २००५ साली रेडिएटरचं चक्क स्मारक उभारलं. सेंट पीटर्सबर्गच्या फ्रांझ सान गाली या कारखानदाराने १८५५ च्या सुमारास रेडिएटर शोधला असं मानतात, त्याची दीडशे वर्षं म्हणून. स्मारकात रेडिएटर आहे, वर खिडकीत उबेला पहुडलेलं मांजर आहे. फडकं कुठे नाही. मांजराचं योगदान मला तरी समजलेलं नाही.

उलट अमेरिकेत ओरेगन राज्यात न्यूबर्ग गावी फ्रान्सिस गेब नावाच्या बाई होत्या. त्यांनी स्वतःला स्वतः धुणारं घर बांधलं. छताला फवारे, आधी साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग वाळवायला वारा. जमिनीला उतार, पाणी आपलं आपण निघून जावं म्हणून. १९८४ साली त्याचं पेटंटही मिळालं. २०१६ मध्ये एकशे एक वर्षांच्या होऊन बाई गेल्या. घर दुसऱ्या कोणी बांधलं नाही. ती बातमी पेपरात आली तेव्हा मी ती हिला मोठ्याने वाचून दाखवली होती आणि खो खो हसलो होतो. ही हसली नव्हती. "उतार किती ठेवला होता, ते दिलंय का?" एवढंच तिने विचारलं होतं.

ते मला सातव्या पेटीशी आठवलं. आणि मग एकेक आठवत गेलं. ठाण्याच्या घरातला छताचा पंखा, त्याची पाती नव्हे, पात्यांच्या वरची वाटी. न्हाणीघराच्या खिडकीतल्या तिरप्या काचा, एकेक काढून धुवायच्या आणि तिसरी हमखास फुटायची. खिडकीच्या ग्रिलमधली मोराची नक्षी. ती मीच पसंत केली होती, मोराचा पिसारा भरगच्च हवा म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालून. दर दिवाळीला ही स्टुलावर चढायची आणि मी स्टूल धरायचो. एकेचाळीस वर्षं मी स्टूल धरलं आहे. त्याबद्दल "आम्ही दोघांनी पंखे साफ केले" असं मी लोकांना सांगत आलो.

"मोराच्या पिसांत बोट जायचं नाही ना गं?" मी ब्रश खाली ठेवून विचारलं.

"हेअरपिनेने काढायचे मी," ती म्हणाली. "तुम्ही मागच्या पेटीची डावी बाजू ठेवलीत."

तपासणीच्या आदल्या रात्री मुलीने एजंटाची यादी उघडली आणि एकेक ओळ वाचत गेली. ओव्हन, झालं. गालिचे, झाले. रेडिएटर, नऊच्या नऊ, झाले. जावई म्हणाले, "बाबा, कमाल केलीत." मी मान तुकवली. मग मुलगी थांबली.

"बाथरूममधला हवा ओढायचा पंखा राहिला. छतापाशी आहे. त्याच्या जाळीत तर हातच जात नाही."

सगळे गप्प. ही उठली, स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आली, बाथरूमच्या दारात ठेवलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"चढा," ती म्हणाली. "मी धरते."