झाकण का अडकतं?

या महिन्याच्या पत्रांत निम्म्यांचं दुखणं एकच आहे: ऑइल भरायचं झाकण निघत नाही, काय करू? एका वाचकाने मार्क टू अ‍ॅम्बेसेडरच्या टॅपेट कव्हरचा फोटोच पाठवलाय. झाकणाच्या कडेला छन्नीचे घाव, एक कान तुटलेला, शेजारी कव्हरला अंगठ्याएवढा पोचा. खाली ओळ आहे, 'मेकॅनिकने बराच प्रयत्न केला.' तो दिसतोच आहे.

उपाय सांगतो, पण आधी भांडण. झाकणं अडकतात कारण गाड्या फिरत नाहीत. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिने इंजिन नुसतं कोमट होतं. आतली वाफ उडून जात नाही, ऑइलशी मिसळून झाकणाखाली लोण्यासारखा पांढरा थर धरते आणि पत्र्याला गंज चढतो. आणि गाड्या फिरत का नाहीत? शनिवार पेठेतल्या वाड्यातून गाडी काढायची तर आधी चार दुचाकी हलवाव्या लागतात, हे एक कारण. दुसरं सरकारी आहे.

ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीचं नोंदणी नूतनीकरण पाच हजारांवरून दहा हजारांवर गेलं. दर पाच वर्षांनी दहा, म्हणजे दहा वर्षांचे वीस हजार. व्हिंटेज नोंदणीचेही दहा वर्षांसाठी वीसच. पुढच्या खेपेला तर फक्त पाच. साहजिकच पन्नाशी गाठलेल्या गाड्यांचे मालक 'व्हीए'च्या पाटीकडे वळू लागलेत. १९७४ च्या पद्मिनीही आता या वयात आल्या आहेत. पण जुलै २०२१ चे नियम पुन्हा वाचा. ही पाटी लावलेली गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज मंडईत जायला नाही. म्हणजे पैसे तेवढेच भरायचे आणि गाडी उभी ठेवायची!

आमच्या एका वर्गणीदाराला मागच्या रविवारी एका चौकात अडवून रॅलीचं पत्र मागितलं गेलं. 'देखभालीसाठी काढली आहे,' असं त्यांनी सांगितल्यावर उत्तर मिळालं, 'मग गॅरेजमध्ये करा ना.' साहेब, इंजिन ऐंशी अंशांपर्यंत तापवून वीस किलोमीटर पळवणं हीच जुन्या गाडीची देखभाल. ती गॅरेजमध्ये कशी करायची? नियमात 'देखभाल' हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ चौकातल्या माणसापर्यंत कुणी पोचवलेला नाही. परिवहन खात्याने तो एका ओळीत लिहून द्यावा. मागणी एवढीच.

आता झाकण. हातोडी लांब ठेवा. गॅसची ज्योत तर नकोच, आत ऑइलची वाफ असते. इंजिन चांगलं गरम करून बंद करा, म्हणजे चिकटलेलं काळं ऑइल सैल होतं. कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं आणि झाकण लोखंडी असेल तर आणखी फायदा, अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ दुप्पट फुगतं. कडेने भेदक तेल सोडा, थांबा, मग ऑइल फिल्टरचा पट्टा-पाना लावून खाली दाबत फिरवा. नाही निघालं तर जिद्द सोडा आणि वरचे दोन नट काढून अख्खं कव्हरच उतरवा. रात्रभर उलटं रॉकेलमध्ये ठेवा. सकाळी झाकण बाहेरच निघेल, गंजाचे कण रॉकर शाफ्टवर पडणार नाहीत. बुचाचं नवं पॅकिंग मात्र आधी आणून ठेवा.

अर्ध्या वेळा खरा गुन्हेगार गंज नसतोच. मागच्या मिस्त्रीने गळती थांबवायला झाकणाच्या पॅकिंगलाही शेलॅक फासलेला असतो. झाकणातून ऑइल गळतं तेव्हा ब्रीदर तुंबलाय का ते पाहायचं असतं. ते सोडून झाकण चिकटवलं, तर तोच दाब पुढे क्रँकच्या सीलमधून ऑइल बाहेर काढतो. झाकणाला शेलॅक लावणाऱ्याचा पत्ता या मासिकात आम्ही छापणार नाही, एवढीच सवलत.

आणि मोडलेली झाकणं फेकू नका. जुन्या बाजारात असं झाकण शोधत दोन-दोन रविवार घालवलेली माणसं आमच्या यादीत आहेत. मोडकं झाकणही कार्यालयात आणून द्या. मापं घेऊ, लेथवाल्याला नमुना दाखवू, पंचवीस जणांची मागणी जमली तर एकदमच करून घेऊ. मागच्या वर्षी कार्ब्युरेटरच्या जेटसाठी असंच आवाहन केलं होतं, सात जण आले. या वेळी तरी हलाल?

पहिल्या रविवारी सकाळी सहाला शनिवारवाड्यापासून खडकवासल्यापर्यंत जाऊन-येऊन देखभाल आहे. हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. नियमांची प्रत काचेला लावून या. ज्यांचं झाकण अजून निघालेलं नाही, त्यांनी पट्टा-पाना घेऊन साडेपाचलाच यावं.