विश्लेषण : इराणच्या शहांची राजवट वर्षभरात कशी कोसळली?

इराणमध्ये असंतोषाची लाट उठली की रझा पहलवी हे नाव पुन्हा चर्चेत येते. शेवटचे शहा मोहम्मद रझा पहलवी यांचे हे थोरले पुत्र अमेरिकेत राहतात. जून २०२५मध्ये इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले, तेव्हा त्यांनी तेथील जनतेला सध्याची राजवट उलथवण्याचे आवाहन केले होते. परदेशस्थ इराणी नागरिकांच्या निदर्शनांत सिंह आणि सूर्याचे चिन्ह असलेला जुना झेंडा फडकतो, शहांच्या काळाची आठवण सुवर्णकाळ म्हणून काढली जाते. मग या ‘सुवर्णकाळा’विरुद्ध १९७८मध्ये लाखो लोक रस्त्यावर का उतरले होते?

पैसा वाढला, मग असंतोष कशाचा?

१९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत तेलाचे दर जवळपास चौपट झाले. इराणच्या तिजोरीत पैशाचा पूर आला. एका पिढीत देशाला जगातील आघाडीच्या राष्ट्रांत नेऊन बसवण्याचे स्वप्न शहा दाखवू लागले. अर्थतज्ज्ञांचे इशारे बाजूला सारून विकास योजनेचा खर्च एकदम वाढवण्यात आला. पण एवढा माल उतरवून घेण्याची क्षमता बंदरांत नव्हती, तो वाहून नेण्यासाठी पुरेसे रस्ते नव्हते. जहाजे खोळंबली, महागाई भडकली, तेहरानमध्ये घरभाडी आवाक्याबाहेर गेली. जमीन सुधारणांनंतर गाव सोडून आलेली कुटुंबे राजधानीच्या दक्षिणेकडील वस्त्यांत दाटीवाटीने राहत होती.

ऑगस्ट १९७७मध्ये पंतप्रधान झालेल्या जमशीद आमुझेगार यांनी महागाई रोखण्यासाठी खर्चाला कात्री लावली. बांधकामे थंडावली आणि गावाकडून आलेल्या तरुणांची रोजंदारी बुडाली. म्हणजे हा उठाव निव्वळ गरिबीतून झाला नाही. आधी भरभराट दिसली, आशा वाढल्या आणि नेमक्या त्याच वेळी हात आखडता घेतला गेला.

बाजार का दुखावला?

महागाईचे खापर सरकारने व्यापाऱ्यांवर फोडले. १९७५पासून नफेखोरीविरोधी मोहीम सुरू झाली. विद्यार्थ्यांची पथके दुकानांत शिरून भाव तपासू लागली. हजारो व्यापाऱ्यांना दंड झाला, अनेकांना तुरुंगात पाठवले गेले. इराणमध्ये ‘बाजार’ म्हणजे केवळ दुकानांची रांग नव्हे. तेथील व्यापारी शतकानुशतके मशिदी आणि मदरशांना देणग्या देत आले होते. एका फटक्यात शहांनी धर्मगुरूंच्या या आश्रयदात्यांना शत्रू करून घेतले.

त्यात १९७६मध्ये हिजरी कालगणना रद्द करून प्राचीन सम्राट सायरसपासून मोजली जाणारी ‘शाही’ कालगणना लागू झाली. १३५५ साल पाहता पाहता २५३५ झाले! या निर्णयाने शहांच्या पदरात काय पडले, हे सांगणे कठीण आहे. धार्मिक जनता मात्र नाहक दुखावली.

विरोधी पक्ष कुठे होते?

या प्रश्नाच्या उत्तरात क्रांतीच्या पुढच्या वळणाचेही कारण सापडते. तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण करणारे पंतप्रधान मोहम्मद मोसाद्देक यांचे सरकार १९५३मध्ये अमेरिका व ब्रिटनच्या गुप्तचर यंत्रणांच्या मदतीने उलथवले गेले. तेव्हापासून ‘परक्यांनी बसवलेला राजा’ हा शिक्का शहांना पुसता आला नाही. मोसाद्देक यांच्या नॅशनल फ्रंटची ताकद खच्ची करण्यात आली, डाव्या तुदेह पक्षावर तर आधीच बंदी होती. १९५७मध्ये स्थापन झालेल्या ‘सावाक’ या गुप्त पोलीस यंत्रणेच्या छळाच्या कहाण्या घरोघरी माहीत होत्या. मार्च १९७५मध्ये उरलेसुरले पक्षही विसर्जित करून ‘रस्ताखिझ’ हा एकमेव पक्ष उरला.

पक्ष नाहीत, संघटना नाहीत, वृत्तपत्रे मुठीत. पण मशिदी बंद करता येत नव्हत्या. गावोगावी पसरलेले, स्वतःचा पैसा आणि स्वतःचे श्रोते असलेले तेवढेच एक जाळे शिल्लक होते. उदारमतवादी, डावे, विद्यार्थी, सगळ्यांना एकत्र येण्यासाठी हळूहळू त्याच दाराशी यावे लागले.

ठिणगी कशी पडली?

अमेरिकेत जिमी कार्टर अध्यक्ष झाल्यावर मानवी हक्कांची भाषा सुरू झाली आणि शहांनी पकड थोडी सैल केली. वकील व लेखक खुली पत्रे लिहू लागले. ऑक्टोबर १९७७मध्ये तेहरानच्या गोएथे इन्स्टिट्यूटने भरवलेल्या काव्यवाचनाच्या रात्रींना हजारोंची गर्दी लोटली. तरीही वर्षअखेरीस तेहरानला आलेल्या कार्टर यांनी मेजवानीच्या भाषणात इराणचे वर्णन अशांत प्रदेशातील स्थैर्याचे बेट असे केले.

त्यानंतर आठवडाभरातच, ७ जानेवारी १९७८ रोजी ‘इत्तेलात’ दैनिकात टोपणनावाने एक लेख आला. १९६४पासून हद्दपार असलेले आणि इराकमधील नजफ येथे राहणारे अयातुल्ला रुहोल्ला खोमेनी हे त्याचे लक्ष्य होते. त्यांना परकीयांचा हस्तक ठरवतानाच त्यांच्या भारतीय मुळावरही बोट ठेवले होते. (खोमेनींचे आजोबा उत्तर प्रदेशातील बाराबंकीजवळच्या किंतूरचे.) हा मजकूर सरकारकडूनच आला होता. ९ जानेवारीला कोम या धर्मनगरीत निषेधाचा मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही निदर्शकांचा मृत्यू झाला.

दर चाळीस दिवसांनी आंदोलन का?

मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी शोकसभा घेण्याची प्रथा शिया समाजात आहे. आपल्याकडे तिला चेहलम म्हणतात. कोमच्या मृतांसाठी १८ फेब्रुवारीला अनेक शहरांत सभा झाल्या. तबरीझमध्ये मशिदीचे दार बंद केल्यावरून वाद पेटला, एका तरुणाला गोळी लागली आणि शहर हाताबाहेर गेले. जमावाने बँका, चित्रपटगृहे, रस्ताखिझचे कार्यालय फोडले. लष्कराला रणगाडे उतरवावे लागले. तबरीझच्या मृतांचा चाळिसावा मार्चअखेरीस आला, तेव्हा यझ्दमध्ये रक्त सांडले. मग मे महिना. प्रत्येक गोळीबार चाळीस दिवसांनंतरच्या मोर्चाची तारीख ठरवून देत होता! निमंत्रणाची गरज नव्हती. शोकसभेवर बंदी घालणे हे शहांच्या पोलिसांनाही जड जात होते.

जूनमध्ये जरा शांतता झाली. पण १९ ऑगस्टला अबादानमधील रेक्स चित्रपटगृहाला आग लावण्यात आली आणि सुमारे ४०० प्रेक्षक आत होरपळून मेले. पुढे या कृत्यात इस्लामवादी तरुणांचा हात असल्याचे पुढे आले. त्या वेळी मात्र बहुतेक इराणी जनतेने सावाकलाच दोषी धरले. सरकारच्या शब्दाला किती किंमत उरली होती, हे त्यातून दिसते.

८ सप्टेंबरने काय बदलले?

नवे पंतप्रधान शरीफ-इमामी यांनी शाही कालगणना मागे घेतली, जुगारअड्डे बंद केले. पण वेळ निघून गेली होती. ७ सप्टेंबरच्या रात्री तेहरानसह १२ शहरांत लष्करी कायदा लागू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी जालेह चौकात जमलेल्या अनेकांना त्याचा पत्ताही नव्हता. सैनिकांनी गोळ्या झाडल्या. विरोधकांनी मृतांचा आकडा हजारोंत सांगितला. नंतर इराणमध्येच झालेल्या संशोधनात तो शंभराच्या आत भरला. परंतु ‘काळा शुक्रवार’ हे नाव कायमचे चिकटले आणि तडजोडीची भाषा करणारे मवाळ नेते एकाकी पडले.

निर्णायक घाव मात्र रस्त्यावर नव्हे, तेलक्षेत्रात बसला. तेहरानच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पातून संप सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये तो खुझेस्तानच्या तेलविहिरींपर्यंत पोहोचला. बँका, टपाल, वृत्तपत्रे, सरकारी कार्यालयेही थांबली. दररोज ५५ लाख पिंपांहून अधिक असलेले उत्पादन कोसळले आणि वर्षअखेरीस निर्यात जवळपास बंद पडली. ज्या तेलाच्या पैशावर राजवट उभी होती, तोच आटला. रणगाड्याच्या धाकाने चौक रिकामा करता येतो, तेलविहीर चालवता येत नाही.

शहा ठाम का राहिले नाहीत?

त्यांना कर्करोग होता आणि ते गुपित होते. कधी दडपशाही, कधी सवलत असे त्यांचे चालले होते. ६ नोव्हेंबरला त्यांनी लष्करी सरकार नेमले आणि त्याच दिवशी दूरचित्रवाणीवरून तुमच्या क्रांतीचा आवाज ऐकला, असे जनतेला सांगितले. समर्थक गोंधळले, विरोधकांना बळ आले. खोमेनी तोपर्यंत पॅरिसजवळच्या नोफ्ल-ल-शातो गावात पोहोचले होते. इराकने त्यांना घालवून दिल्याचा शहांना तोटाच झाला. फ्रान्समधून इराणला थेट फोन लागत होता, दारात जगभरचे पत्रकार होते आणि भाषणांच्या कॅसेट मशिदींमध्ये वाजत होत्या. डिसेंबरमधील आशुराच्या मोर्चांत लाखो लोक होते.

१६ जानेवारी १९७९ रोजी शहांनी देश सोडला, १ फेब्रुवारीला खोमेनी तेहरानमध्ये उतरले, ११ तारखेला लष्कराने तटस्थता जाहीर केली. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच ८ मार्चला हजारो इराणी महिला हिजाबसक्तीच्या विरोधात तेहरानमध्ये मोर्चा काढत होत्या. त्यातल्या अनेक जणी काही महिन्यांपूर्वी शहांविरुद्धच्या मोर्चांतही होत्या. महिनाअखेरीस सार्वमत झाले. मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता, इस्लामी प्रजासत्ताक हवे की नको. दुसरा कोणताही पर्याय छापलेला नव्हता.