राजधानी, रिकामा खिसा आणि उघडे दार

यंदा आपल्या महाविद्यालयाची सहल दौलताबाद-वेरूळला गेली, तेव्हा मी गेलो नव्हतो. कारण साधे होते. वर्गणी ज्या आठवड्यात भरायची होती त्या आठवड्यात आई-वडील कारखान्याच्या फडावर होते. मुकादमाकडून घेतलेली उचल कोयता हातात घेण्याआधीच खर्ची पडलेली असते, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. गावी आजी आहे, तिच्याकडे मागणे मला बरे वाटले नाही. सहलीचे दोन दिवस तास बंद होते. खोलीवर एकट्याने बसून काय करायचे, म्हणून ग्रंथालयात गेलो. तेथे धनंजय कीरांनी लिहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र हाती लागले. मित्र यादवांच्या राजधानीचा किल्ला चढत होते, त्या दोन दिवसांत मी एका कडक्या विद्यार्थ्याच्या मागोमाग इंग्रजांच्या राजधानीत हिंडत होतो.

सहल चुकली म्हणून रडगाणे गाण्यासाठी हा लेख नाही. त्या वाचनातून एक प्रश्न मनात आला आणि तो काही केल्या जाईना. ऐतिहासिक राजधानी पाहायची, तीही परदेशातली, तर विद्यार्थ्याच्या खिशात किती पैसे लागतात? आपल्याकडे याचे उत्तर ठरलेले आहे. 'आपलं काम नाही ते!' माझ्या मते हे उत्तर अर्धेच खरे आहे. तेथवर पोहोचायला पैसा लागतो, यात वाद नाही. पण पोहोचल्यावर शहर दिसते की नाही, हे पैशापेक्षा त्या शहराने किती दारे फुकट उघडी ठेवली आहेत यावर ठरते.

बाबासाहेबांचा लंडनचा काळ पाहा. १९१३ साली ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये तेथून लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व ग्रेज इनमध्ये नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. दुसरा एखादा असता तर येथेच थांबला असता. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसा मागे टाकला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. आणि १९२० च्या जुलैमध्ये ते पुन्हा बोटीत बसले. म्हणजे लंडनमधला त्यांचा प्रत्येक दिवस मोजून आणलेला होता. एक दिवस वाया गेला की तेवढा पैसा पाण्यात.

त्या दिवसांतले त्यांचे जेवणखाण वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. घरमालकीण महाकडक. सकाळी पावाचा तुकडा, जॅम, मासळीचा एखादा तुकडा आणि कपभर चहा. तेवढ्यावर दिवसभर वाचन, दुपारचे जेवण बहुधा टळलेलेच. रात्री एक कप बोव्हरील, म्हणजे मांसाच्या अर्काचे गरम पेय, आणि दोन-चार बिस्किटे. रात्री दहाच्या सुमाराला पुन्हा भूक उसळायची. ओळखीच्या एका गुजराती गृहस्थाने पापडांची चळत दिली होती. त्यातले चार पापड पत्र्यावर भाजायचे, खायचे आणि पुन्हा पहाटेपर्यंत वाचत बसायचे. आपल्यापैकी खोली करून राहणाऱ्या मुलांना यातले काय नवीन वाटेल? गावाकडचा डबा एस.टी.ने येतो. एस.टी. चुकली की त्या दिवशी शेंगदाण्याची चटणी आणि कालची भाकरी. फरक एवढाच की आम्ही चटणी-भाकरी खाऊन झोपतो.

आता ते फिरत कसे होते? पायी. गाडीभाडे वाचवायचे तर दुसरा मार्ग नाही. लंडनमध्ये बॅरिस्टरी शिकणाऱ्या गांधीजींनीही १८८८ ते १८९१ या काळात हेच केले. भाडे वाचावे म्हणून ते रोज आठ-दहा मैल चालत, आणि त्या चालण्यानेच आपली प्रकृती टिकली असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. मला वाटते, पायी चालणाऱ्यालाच शहर कळते. मोटारीत बसणाऱ्याला निघाल्याची आणि पोहोचल्याची अशा दोनच जागा दिसतात. मधले शहर त्याच्या हाती लागत नाही.

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहत होते. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. आता ते स्मारक आहे. मोबाइलवरच्या नकाशात मी त्या घरापासून ब्रिटिश म्युझियमपर्यंतची वाट बोटाने चालून पाहिली. चार किलोमीटरांच्या आसपास भरते. वाटेत प्रिमरोज हिल ही टेकडी लागते, तिच्या माथ्यावरून लंडन पसरलेले दिसते. पुढे रीजंट्स पार्क. दोन्ही ठिकाणी तिकीट नाही. आणि वाटेच्या शेवटी जे म्युझियम आहे, ते १७५९ साली लोकांसाठी उघडले तेव्हाही तेथे सर्वसाधारण प्रवेशाला पैसे लागत नव्हते. त्याच्या आवारात गोल घुमटाचे वाचनालय होते, १८५७ साली उघडलेले. कार्ल मार्क्स तेथे वर्षानुवर्षे बसला. बाबासाहेब तेथे दार उघडताना आत जात आणि बंद होताना बाहेर पडत. वाचकाचे ओळखपत्र मिळाले की पुस्तके फुकट, टेबल फुकट, उजेड फुकट, थंडीत ऊबही फुकट. पावाच्या तुकड्यावर दिवस काढणाऱ्या माणसाला आणखी काय हवे?

येथे कोणी म्हणेल की तू इंग्रजांची तारीफ करतोस. तसे नाही. ते दार फुकट होते, पण त्यामागचा खजिना फुकट जमलेला नव्हता. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाचे कोरीव दगड आजही त्याच म्युझियममध्ये आहेत. हिंदुस्थानचा कारभार पाहणारे इंडिया ऑफिस लंडनमध्ये, आणि त्याचा खर्च कित्येक वर्षे हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात असे. गंमत अशी की बाबासाहेब नेमका हाच हिशेब उलगडायला तेथे बसले होते. १९२१ साली त्यांनी एम.एस्सी.साठी लिहिलेला प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर, आणि डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर. साम्राज्याच्या राजधानीत, साम्राज्याच्याच दप्तरातून, साम्राज्याचे जमाखर्च तपासणारा हा विद्यार्थी! राजधानी पाहणे म्हणतात ते मला तरी हेच वाटते. तोफा, मुकुट आणि पहारेकऱ्यांच्या उंच टोप्या पाहणे म्हणजे त्या शहराची दिवाणखान्याची बाजू पाहणे.

शेवटी पैसे संपलेच. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, परीक्षकांच्या आक्षेपानंतर प्रबंध येथूनच दुरुस्त करून पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळवली. काटकसरीची ही कथा आपण फार अभिमानाने सांगतो. पण तिच्यातला एक भाग सांगायचा राहतो. ते लंडनला अर्धपोटी वाचत असताना इकडे मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. विद्यार्थ्याची काटकसर त्याच्या एकट्याची कधीच नसते. मी येथे 'कला शाखेचे दुसरे वर्ष' असे वहीवर लिहितो, तेव्हा त्या ओळीची किंमत कोणी तरी पहाटे चारला उठून, थंडीत उसाची मोळी डोक्यावर घेऊन चुकवत असते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून मला 'गरिबीत शिकण्याची मजा' वगैरे भाषणे ऐकवत नाहीत. गरिबीत मजा नसते. पण दार उघडे मिळाले तर गरिबीतूनही आत जाता येते, एवढेच मी म्हणतो.

आजच्या लंडनचे काय? ते महाग शहर आहे. खोलीचे भाडे, व्हिसा, विमान, सगळे आपल्या आवाक्याबाहेरचे. टॉवर ऑफ लंडन आतून पाहायचा तर तीस पौंडांच्या पुढे, म्हणजे आपले तीन हजारांवर रुपये. वेस्टमिन्स्टर ॲबीचेही तसेच. पण त्याच शहरात ब्रिटिश म्युझियम आजही फुकट आहे. नॅशनल गॅलरीतली चित्रे फुकट आहेत. पार्लमेंटमध्ये चाललेली चर्चा प्रेक्षकांच्या सज्जात बसून पैसे न देता ऐकता येते. गोल घुमटाचे ते वाचनालय १९९७ मध्ये बंद झाले, पण ब्रिटिश लायब्ररीची नवी इमारत सेंट पँक्रसला उभी राहिली. तेथील वाचकाच्या ओळखपत्राला शुल्क नाही आणि इंडिया ऑफिसचे दप्तरही आता तेथेच आहे. उद्या आपल्यापैकी कोणी तेथे गेला, तर टॉवर बाहेरून पाहावा आणि वाचलेल्या पैशांत आठवडाभर जेवावे. आणि जाणे अगदीच अशक्य आहे असेही नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत. आपल्या वर्गात मी विचारले, तेव्हा तिचे नावही माहीत असणारे दोघेच निघाले. सूचना फलकावर परीक्षा फॉर्मच्या तारखा लागतात, तशी ही माहितीही दरवर्षी लागावी.

आता मूळ मुद्द्यावर येतो. लंडनची दारे उघडी आहेत म्हणून आपण त्यांचे कौतुक करायचे, आणि आपल्या दारांचे काय? आपल्या ग्रंथालयात पुस्तके चांगली आहेत. मला ते चरित्र तेथेच मिळाले. पण वाचनकक्ष संध्याकाळी पाचला बंद होतो. पुस्तके कपाटात, कपाटाला कुलूप, आणि हवे ते पुस्तक चिठ्ठीवर लिहून मागायचे. ज्याला पुस्तकाचे नाव आधीच ठाऊक आहे त्याचे ठीक. ज्याच्या घरात पुस्तकच नव्हते, त्याने चिठ्ठीवर काय लिहायचे? सहलीच्या दिवशी गर्दी नव्हती म्हणून मला कपाटाजवळ उभे राहू दिले, आणि केवळ त्यामुळे ते पुस्तक दिसले. आम्ही एका खोलीत चौघे राहतो. एक दिवा. एकाला झोपायचे असते, दुसऱ्याला मोबाइलवर बोलायचे असते. पाचनंतर वाचायचे कोठे? परीक्षेच्या दिवसांत आमच्यातला एक जण बसस्थानकाच्या दिव्याखाली वाचत बसतो.

म्हणून गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे. वाचनकक्ष रात्री दहापर्यंत उघडा ठेवावा. शिपाईमामांवर जादा भार नको; आम्ही विद्यार्थी पाळीपाळीने थांबू, सह्या घेऊ, दिवे मालवून किल्ली देऊ. निदान एक कपाट बिनकुलपाचे असावे. ज्या मैत्रिणींना सहाच्या एस.टी.ने गावी परतावे लागते, त्यांना रात्रीच्या वाचनकक्षाचा काहीच उपयोग नाही. त्यांच्यासाठी सकाळी लवकर दार उघडावे आणि घरी नेण्याच्या पुस्तकांची संख्या वाढवावी.

आणि सहलीबद्दल एक. वर्गणी एस.टी.च्या भाड्याएवढीच ठेवून सहल निघू शकते. सातवाहनांची राजधानी पैठण आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून, गोदावरीपलीकडे आहे. निजामशाहीची राजधानी अहिल्यानगर. तेथील किल्ल्यातच पंडित नेहरूंनी १९४२ नंतरच्या कैदेत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. बीडला रेल्वे यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला, पण आता ती अहिल्यानगरपर्यंत जाते. सकाळी जावे, दिवसभर पायी हिंडावे, डबा बरोबर न्यावा, रात्री परत. खुद्द बीडमध्ये निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर आहे, कंकालेश्वर आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती विहीर आत डोकावून पाहिली आहे? मी स्वतः या शहरात दीड वर्ष राहून गेल्याच महिन्यात पाहिली. खोलीवरून पायी गेलो होतो. खर्च शून्य.

मित्रहो, मी लंडन पाहिलेले नाही; माझ्याजवळ पासपोर्टही नाही. पाडव्याच्या सुमाराला आई-वडील फडावरून परत येतील, तेव्हा आई विचारील, सहलीला गेला होतास का? नाही म्हणून सांगेन, आणि त्या दोन दिवसांत काय वाचले तेही सांगेन. ते चरित्र अजून पुरते वाचून झालेले नाही. रोज पाचला दिवे मालवले जातात, आणि मी खुणेची चिठ्ठी घालून ते परत कपाटात देतो. या कुलपाचा विचार व्हावा, एवढीच विनंती.

— द्वितीय वर्ष, कला शाखा