चिरा, गवंडी आणि संगणक

घर बांधून झाले की काम संपले, अशी आपली समजूत असते. वास्तविक घराचे आयुष्य तेथूनच सुरू होते. आमच्या पेडणे-डिचोली भागात जांभ्या चिऱ्यांच्या भिंतींना व कौलारू छपरांना दर पावसाळ्यात कसोटीस उतरावे लागते. कोणत्या भिंतीत पाणी मुरते, कोणता वासा बदललेला आहे, हे वडीलधाऱ्यांना व गावच्या गवंड्याला ठाऊक असते. पण लिहिलेले कोठेच नसते. माणूस गेला की ते ज्ञानही जाते.

या कामी आता विज्ञान मदतीस आले आहे. भिंतीवर लेसर-किरण सोडून, तो परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर मोजणारे यंत्र निघाले आहे. अशी कोट्यवधी मापे जुळवून संगणक वास्तूची त्रिमितीय प्रतिकृती उभी करतो. भिंत कशाची, दुरुस्ती केव्हा झाली, याची नोंदही तिला जोडता येते.

पॅरिसमधील नोत्र दाम हे प्राचीन प्रार्थनामंदिर अँड्र्यू टॅलन या प्राध्यापकांनी असे मोजून ठेवले होते. ते २०१८ साली निवर्तले आणि एप्रिल २०१९ मध्ये मंदिराचे छप्पर आगीत भस्मसात झाले. पुनर्बांधणीत ती मोजमापे उपयोगी पडली. मात्र ओकच्या तुळया सुतारांनी कुऱ्हाडीनेच तासल्या! डिसेंबर २०२४ मध्ये मंदिर पुन्हा उघडले, ते यंत्र आणि हात या दोहोंच्या बळावर.

डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली आरंभिला. शासनाने केलेल्या दुरुस्तीनंतर २०२३ साली ते पुन्हा भक्तांसाठी खुले झाले. पण हे भाग्य प्रत्येक वास्तूस कोठून लाभणार? आमच्या वाडीतील जुनी घरे मात्र कोणी मोजण्यापूर्वीच जमीनदोस्त होत आहेत.

यंत्र महाग आहे, हे खरे. म्हणून स्वस्थ बसावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. यंत्राला भिंतीची उंची कळेल. पण ओल कोठून येते, हे गवंड्यासच विचारावे लागेल. तेव्हा यंत्र येईल तेव्हा येवो, येत्या सुट्टीत मोजपट्टी व वही घेऊन आम्ही आपल्याच घरापासून आरंभ करू. आजोबांची साक्ष आज लिहिली, तरच उद्याच्या संगणकाला काही सांगता येईल.